आनुवंशिकता ठेवली, उत्क्रांती वगळली!

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजेच एनसीईआरटीच्या, दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असे एक प्रकरण होते. २०२३ साली जी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती पडली त्यांत या प्रकरणाचे नाव 'आनुवंशिकता' एवढेच उरले होते. कोविडच्या काळात अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली ही कात्री प्रथम लावण्यात आली. साथ ओसरली, शाळा भरू लागल्या, पण कापलेला भाग परत आला नाही. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीवरही तीच कात्री चालली. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, प्राध्यापक व शिक्षकांनी एप्रिल २०२३ मध्ये खुल्या पत्राद्वारे निषेध नोंदवला, तेव्हा सरकारी बाजूने उत्तर मिळाले की, उत्क्रांती बारावीला आहेच! बारावीला ती आहे हे खरे. पण ती जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी आहे. दहावीनंतर जो मुलगा आयटीआयला जातो, जी मुलगी कला शाखेकडे वळते किंवा घरच्या गरिबीपायी शाळाच सोडते, त्यांना माणूस कोठून आला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, असाच या उत्तराचा अर्थ होतो.

परंतु काय वगळले याइतकेच काय ठेवले, हेही पाहिले पाहिजे. मेंडेलचा वाटाणा ठेवला. आईबापांचे गुण मुलांत उतरतात हा नियम ठेवला. वगळला तो काळ. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओघात हेच गुण बदलतात, मिसळतात, परिस्थितीच्या रेट्याखाली वाढतात वा नष्ट होतात, आणि वाटाणा, वानर व माणूस हे सारे एकाच प्राचीन जीवसृष्टीचे वंशज आहेत, हा भाग तेवढा भारभूत ठरला! आनुवंशिकतेतून इतिहास काढून टाकला की मागे उरतो तो नुसता जन्म. आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची विद्या या देशाला नव्याने शिकवावी लागत नाही. ज्यांनी ही कात्री चालवली त्यांच्या मनात हा विचार होता की नव्हता, याची चर्चा निरर्थक आहे. कृतीचा परिणाम कोणाच्या पथ्यावर पडतो हे पाहणे पुरेसे आहे.

साक्षीदार नाही, पण पुरावा आहे

उत्क्रांतीवरील हा राग २०२३ साली अचानक उफाळून आलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून वा सांगून ठेवलेले नाही, सबब शाळा-महाविद्यालयांतील अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून हे विधान खोडून काढले. खातेमंत्री प्रकाश जावडेकर यांनाही आपल्या सहकाऱ्यास आवर घालावा लागला. त्या वेळी अनेक सुशिक्षितांनी हा एका मंत्र्याचा विनोद समजून सोडून दिला होता. पाच वर्षांनी तोच विनोद पाठ्यपुस्तक होऊन आला.

सत्यपाल सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आहेत, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही म्हणून मुंबई पोलीस खुनाचा तपास सोडून देत नाहीत. रक्ताचे, केसांचे नमुने कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात आणि डीएनएच्या अहवालावर न्यायालये निकाल देतात. बापलेकाचे नाते ठरवण्यास जो पुरावा ग्राह्य, तोच पुरावा माणूस व चिंपांझी यांचे नाते सांगू लागताच अग्राह्य कसा ठरतो? विद्या तीच, रेणू तोच, गणितही मुळात तेच. फरक पडतो तो निकाल कोणाला गैरसोयीचा आहे एवढ्यात.

हा पुरावा कसा असतो हे मराठी वाचकास समजावून घेणे अवघड नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या शतकानुशतके हाताने नकलल्या गेल्या. नकलताना चुका होत, आणि पुढचा नकलनवीस त्या चुकांसह नक्कल करी. म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांना पाठशुद्धीचे काम हाती घ्यावे लागले. दोन पोथ्यांत एकाच ओवीत एकच विचित्र चूक आढळली तर त्या दोन्ही एकाच मूळ पोथीवरून उतरल्या, असे पाठचिकित्सक सांगतो. त्याला नकलनवीस पाहावा लागत नाही. जनुकांची गोष्ट अशीच आहे. शेळीला लिंबू लागत नाही. 'क' जीवनसत्त्व तिच्या शरीरातच तयार होते. माणसाला ते अन्नातून मिळवावे लागते, नाहीतर हिरड्यांतून रक्त वाहू लागते. याचे कारण असे की, हे जीवनसत्त्व बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यास लागणारे जनुक माणसात मोडलेले आहे. ते नाहीसे झालेले नाही. त्याचे निकामी अवशेष गुणसूत्रात आजही पडून आहेत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यातही ते मोडलेलेच आहे आणि मोडतोडीच्या कित्येक खुणा जुळतात. गिनीपिगमध्येही हे जनुक निकामी आहे, पण तेथील मोडतोड निराळी आहे. मूळ पोथी एक असल्याशिवाय चूक जुळत नाही! माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, तर महावानरांत २४. मग एक जोडी गेली कोठे? माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधोमध असा एक भाग आहे की जो एरवी गुणसूत्रांच्या टोकाशीच आढळतो. दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक लागून जुळल्याची ती सांध्याची खूण आहे.

जीवाणूपासून वडाच्या झाडापर्यंत जनुकांची लिपी जवळजवळ एकच आहे. ज्यांना हे सारे निर्मात्याच्या लहरीने घडले असे मानायचे असेल त्यांनी खुशाल मानावे. परंतु निर्मात्याने माणसाच्या व वानराच्या शरीरात एकच मोडके जनुक कशासाठी घालून ठेवले, याचा खुलासा त्यांनी करावयास हवा.

कोलकात्यातील मोजमापे

जनुकांतून इतिहास वाचण्याची ही विद्या पाश्चात्त्यांनी येथे आणून ठेवली, अशी एक तक्रार अधूनमधून ऐकू येते. ज्यांना कोलकाता शहर ठाऊक नाही त्यांनीच ती करावी. या विद्येच्या पायातील काही दगड याच शहरात घडले, आणि त्याआधी याच बंगाल प्रांतात माणसे मोजण्याच्या एका अत्यंत प्रतिगामी विद्येनेही ठाण मांडले होते.

हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९१ साली बंगालच्या जाती-जमातींवरील आपले ग्रंथ प्रसिद्ध केले. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढायचे आणि नाक जितके चपटे तितकी जात खालची, असा 'नियम' मांडायचा, हे त्याचे शास्त्र होते. पुढे १९०१ च्या जनगणनेचा हाच आयुक्त होता. साम्राज्याला असे शास्त्र हवेच होते. राज्य करणारा गोरा आणि येथील उच्चवर्णीय हे एकाच आर्यवंशाचे, आणि राबणारा तो निराळ्या रक्ताचा, असे ठरले म्हणजे शोषणाला निसर्गाची मान्यता मिळते.

याच आकड्यांची झाडाझडती पुढे एका बंगाली भौतिकशास्त्रज्ञाने घेतली. १९२० साली नागपूर येथे भरलेल्या विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याचे काम प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यावर सोपवले. दोन लोकसमूहांतील अंतर एखाद्या नाकावरून न मोजता अनेक मापांचा एकत्रित विचार करून कसे मोजावे, या प्रश्नातून १९३६ साली त्यांचे सुप्रसिद्ध 'अंतर' सिद्ध झाले. ते आज जगभर संगणकशास्त्रापर्यंत वापरले जाते. रिस्लेचे आकडे तपासता त्यांना आढळले की, बंगालचे ब्राह्मण हे इतर प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधील इतर जातींना अधिक जवळचे आहेत. वर्णाचा डोलारा एका फटक्यात खिळखिळा करणारा हा निष्कर्ष होता. (महालनोबिस काही क्रांतिकारक नव्हते, आणि माणसांना जातवार मोजण्याची चौकट त्यांनीही मोडली नाही, हे सांगितलेच पाहिजे.) महाराष्ट्रात इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात हेच काम पुढे नेले. कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची जीवशास्त्रीय तुलना केली होती. एकाच ब्राह्मण जातीचे तुकडे पडून या पोटजाती झाल्या ही रूढ समजूत त्यांना मान्य नव्हती. मल्होत्रा पुढे पुण्याहून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले.

या संस्थेच्या बऱ्हानगर येथील आवारात १९५७ साली जे. बी. एस. हॉल्डेन दाखल झाले. आनुवंशिकता आणि नैसर्गिक निवड यांचा गणिती मेळ घालणाऱ्या जगातील तीन शास्त्रज्ञांपैकी ते एक होते. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद, पक्षाच्या 'डेली वर्कर' या दैनिकात कामगारांसाठी वर्षानुवर्षे विज्ञानावर लिहिणारे लेखक, एंगल्सच्या 'निसर्गाचे द्वंद्ववाद' या ग्रंथाच्या १९४० सालच्या इंग्रजी आवृत्तीचे प्रस्तावनाकार, अशी त्यांची दुसरी ओळख. भारतात महागडी उपकरणे नाहीत म्हणून रडत बसण्याऐवजी त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांना जे दारात आहे ते मोजावयास लावले. एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या! १९६१ मध्ये ते भारतीय नागरिक झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले.

हॉल्डेनचे नाव घेतले की लायसेंकोचे नाव येणारच, आणि ते टाळण्याचे कारण नाही. १९४८ साली सोव्हिएत संघात जनुकशास्त्र 'बुर्झ्वा' ठरवण्यात आले. त्याआधीच, जानेवारी १९४३ मध्ये, निकोलाय वाविलोव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला होता. हॉल्डेन पक्षापासून दुरावले त्याचे हे एक प्रमुख कारण होते. समाजवादी राष्ट्राच्या शेतीची आणि विज्ञानाची यातून जी हानी झाली ती भरून यायला दशके लागली. तेव्हा सत्तेने शास्त्रीय सत्याचा निकाल लावावयाचा नसतो, हा धडा डाव्या चळवळीने मोठी किंमत मोजून घेतलेला आहे. आज दिल्लीत बसून जे अभ्यासक्रमावर कात्री चालवतात ते लायसेंकोचे नाव डाव्यांना खिजवण्यासाठी घेतात आणि त्याचा कित्ता स्वतः गिरवतात.

सत्तर पिढ्या

कोलकात्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर कल्याणी येथे राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आहे. तेथील अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी २०१६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. जातीच्या प्रश्नात रस असणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो समजून घेणे अगत्याचे आहे. वीस लोकसमूहांतील ३६७ व्यक्तींचा जनुकसंच त्यांनी तपासला. त्यांत बंगाली व गुजराती ब्राह्मण होते, खत्री होते, मराठा होते, तमिळ अय्यर व पल्लन होते, गोंड, संथाळ, हो, बिरहोर होते, तसेच अंदमानचे जारवा व ओंगेही होते. भारताच्या मुख्य भूमीवरील लोकसंख्येत चार प्राचीन पूर्वजप्रवाह मिसळलेले असून अंदमानातील लोकांचा प्रवाह पाचवा आहे, असे त्यांना आढळले.

पण या निबंधाचा खरा गाभा पुढेच आहे. हे प्रवाह मिसळत होते ते कधीपर्यंत? याचे उत्तर डीएनएतच मिळते. निराळ्या समूहातील व्यक्तीशी विवाह झाला की संततीच्या गुणसूत्रांत त्या समूहाचा लांबलचक पट्टा येतो. पुढील प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची देवघेव होऊन या पट्ट्याचे तुकडे पडत जातात. आजीच्या लुगड्याची गोधडी, गोधडीचे बाळोते, असे कापड लहान होत जावे तसे. तुकडे किती लहान झाले हे मोजले म्हणजे शेवटचे लुगडे घरात कधी आले हे काढता येते. कल्याणीच्या संशोधकांनी हे मोजले, आणि दिसले असे की, उच्चवर्णीय समूहांत हे येणे सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी जवळपास एकदमच बंद पडले. एक पिढी साडेबावीस वर्षांची धरली तर हा काळ दीड हजार वर्षांच्या थोडा पलीकडे, म्हणजे गुप्त साम्राज्याच्या आसपास जातो. स्मृतींची वचने राजसत्तेच्या पाठबळाने समाजावर लादली गेली तो हाच काळ. मराठा समूहात मिश्रण याहून पुढेही काही काळ चालू राहिल्याचे याच निबंधात आढळते. आणि आदिवासींत ते एकाच वेळी थांबलेले नाही.

म्हणजे आधी मिसळण, मग बेटीबंदी! डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, त्यातील प्रतिपादन थेट हेच होते. भारतातील लोक वेगवेगळ्या वंशांच्या मिश्रणातून झालेले आहेत. गोत्राबाहेर विवाह करणाऱ्या या समाजावर जातीअंतर्गत विवाहाचे बंधन नंतर लादले गेले, आणि हेच बंधन जातीचे सार आहे, असे पंचविशीतील त्या विद्यार्थ्याने मांडले. १९४८ साली अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश भिन्न असल्याची कल्पना शरीरमापांच्याच आधारे फेटाळली. आंबेडकरांजवळ ना सूक्ष्म उपकरणे होती ना संगणक. होते ते समाजाकडे पाहण्याचे ऐतिहासिक शास्त्र. बरोबर शंभर वर्षांनी कल्याणीच्या प्रयोगशाळेने त्यावर आकड्यांची मोहोर उठवली. 'जात अनादि आहे' म्हणणाऱ्यांना आता पोथीचा आधार नाही आणि रक्ताचाही नाही.

दोन्ही बाजूंचे अपहरण

असा पुरावा पुढे आल्यावर तो दडपणे जितके सोपे, तितकेच तो पळवून नेणेही सोपे असते. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक राखीगढीच्या सिंधूकालीन स्त्रीच्या अवशेषांवरचा. तिच्या डीएनएत मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नाही, असे त्यात होते. लगोलग 'आर्य बाहेरून आले नाहीत' असा डांगोरा पिटण्यात आला. वस्तुतः निष्कर्ष उलट निघतो: सिंधू संस्कृतीच्या माणसात जो अंश नाही आणि आजच्या भारतीयांपैकी बहुतेकांत कमीअधिक आहे, तो नंतर आला असला पाहिजे. दुसऱ्या निबंधात तेच म्हटले होते, की हा प्रवाह इसवी सनापूर्वी सुमारे २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आला. दोन्ही निबंधांच्या लेखकांत कित्येक नावे समान आहेत! तरीही २०२४ मध्ये बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राखीगढीचा दाखला देऊन पाच हजार वर्षांच्या अखंड सातत्याची कथा घालण्यात आली. गोळवलकरांनी १९३९ साली याहून धाडसी तोडगा काढला होता. टिळकांनी आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे नेले, आणि आर्य तर येथलेच ठरले पाहिजेत. म्हणून उत्तर ध्रुवच पूर्वी बिहार-ओरिसाच्या भागात होता, असे त्यांनी लिहून टाकले. त्या मानाने आजचे पाठ्यपुस्तककार संयमी म्हटले पाहिजेत.

परंतु अपहरण एकाच बाजूने होते असे नाही. २००१ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या मायकेल बामशाद प्रभृतींनी आंध्रमधील जातींवर एक निबंध प्रसिद्ध केला. उच्च जातींचे युरोपीय लोकांशी साम्य अधिक असल्याचे त्यात होते. महाराष्ट्रात काही व्यासपीठांवरून तेव्हापासून 'परकी डीएनए'चा प्रचार चालतो. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्धचा राग न्याय्य आहे; पण हे हत्यार उलटे फिरणारे आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांच्यासह केलेल्या अभ्यासात उत्तरेकडील पूर्वजप्रवाहाचे प्रमाण बहुतेक भारतीय समूहांत ३९ ते ७१ टक्के आढळले. उच्च जातींत ते अधिक आहे हे खरे, पण ज्यात तो मुळीच नाही असा मोठा जातिसमूह मुख्य भूमीवर सापडत नाही. तो चढ आहे, भिंत नाही. भिंत बांधली ती बेटीबंदीने आणि तिला टेकू दिला जमिनीच्या मालकीने. भूमिहीन शेतमजुराचे दैन्य जमीनदाराच्या गुणसूत्रातून आलेले नाही. ते सातबाऱ्यातून आले आहे. जातीचे मूळ रक्तात शोधणारा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, शेवटी रिस्लेच्याच शाळेत जाऊन बसतो.

मे २०२२ च्या अखेरीस एका इंग्रजी दैनिकाने बातमी दिली की, केंद्रीय संस्कृती मंत्रालय भारतीयांच्या 'वांशिक शुद्धते'चा माग काढण्यासाठी डीएनए तपासणीची साधने घेणार आहे. गदारोळ होताच मंत्रालयाने बातमी दिशाभूल करणारी असल्याचा खुलासा केला. प्रस्ताव कोलकात्याच्या भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील डीएनए प्रयोगशाळेच्या सुधारणेपुरता आहे, असे सांगितले. शंभराहून अधिक शास्त्रज्ञ व इतिहासकारांनी पत्र लिहून असा कोणताही प्रकल्प निराधार व घातक ठरेल, असे बजावले. खुलासा खरा मानला तरी प्रश्न उरतो. याच संस्थेने १९८५ पासून 'भारतीय लोक' या प्रचंड प्रकल्पात ४,६३५ समुदायांची नोंद केली आणि त्यांपैकी बहुतेकांच्या स्मृतीत कोठून तरी स्थलांतर करून आल्याच्या कथा आहेत, हे दाखवून दिले. ज्या संस्थेच्या दप्तरात देश मिश्र असल्याचा एवढा पुरावा पडलेला आहे, तिच्या नावाशी 'शुद्धता' हा शब्द जोडला जाऊ शकतो, हीच आजच्या वातावरणाची साक्ष आहे.

रक्तातील हिवताप

हा सारा विद्वानांचा वाद आहे, कष्टकऱ्यांचा याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. त्यांनी गडचिरोलीकडे आणि नंदुरबारकडे पाहावे.

बंगाल व ईशान्य भारतात 'हिमोग्लोबिन ई' हा रक्तातील बदल सर्रास आढळतो. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ज्योतिभूषण चटर्जी यांनी त्यावर मूलभूत काम केले. विदर्भात व सातपुड्यात आढळतो तो सिकलसेल. रक्तपेशींतील एका जनुकाचे एकच अक्षर बदललेले असते. आई व बाप यांपैकी एकाकडूनच असे जनुक आले तर माणूस वाहक असतो आणि सहसा निरोगी जगतो. दोघांकडूनही आले तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडे ठणकतात, रक्त तुटते, मूल दगावते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात हा धोका चारांत एक. एवढे घातक जनुक टिकून का राहिले? पुष्कळ जागी ते वाढले का? याचे सूत्र हॉल्डेन यांनी कोलकात्यास येण्यापूर्वीच, १९४९ साली, रक्ताच्या अशाच एका विकाराच्या संदर्भात सुचवले होते: असे जनुक एकाकडूनच मिळालेल्यांना हिवतापापासून संरक्षण मिळते. सिकलसेलच्या बाबतीत ते १९५४ साली आफ्रिकेत अँथनी अ‍ॅलिसन यांनी सिद्ध केले. जेथे हिवतापाने मुले मरत होती तेथे वाहक जगले, आणि त्यांची संतती वाढली.

ही उत्क्रांती आहे. ती माकडाच्या काळात घडून संपलेली नाही. ती धानोऱ्याच्या आणि अक्कलकुव्याच्या माणसाच्या धमन्यांत वाहते आहे. आणि बेटीबंदीची किंमतही रक्तच सांगते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूह असे आढळले की, मोजक्या पूर्वजांपासून आपसांत वाढल्यामुळे त्यांच्यातील आनुवंशिक रोगांचा धोका जगात ज्यांचे उदाहरण दिले जाते त्या फिनिश व अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही अधिक संभवतो. त्यांत दहा लाखांहून मोठे १४ समूह आहेत. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध काहींना धोक्याचे ठरते, कारण ते जिरवणारे वितंचक त्यांच्यात नसते. 'शुद्ध' रक्ताचा हा प्रसाद.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे द्यावयाची आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन करावयाचे, असे तिचे उद्दिष्ट ठरले. तपासणी झालीच पाहिजे. औषधे आणि रक्त तालुक्याच्या दवाखान्यात मिळालेच पाहिजे, आणि ते मिळत नाही तेव्हा आदिवासींनी मोर्चे काढलेच पाहिजेत. पण ज्या वर्षी ही मोहीम निघाली, त्याच वर्षी दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती निघाली. केंद्रीय मंडळाशी संलग्न एकलव्य निवासी शाळांतून आदिवासी मुले हीच पुस्तके वाचतात. महाराष्ट्र मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच धडा होता, आणि राज्याचा अभ्यासक्रम राष्ट्रीय आराखड्याच्या साच्यात बसवण्याची घाई चालू असताना त्या धड्यावर लक्ष ठेवणे शिक्षक संघटनांचे काम आहे.

पंधरा वर्षांच्या गोंड मुलीच्या हाती सरकार एक कार्ड देते. त्यावर ती वाहक असल्याचे लिहिलेले असते. दुसऱ्या हातात पुस्तक असते. दोष आईबापांकडून येतो, इतके ते पुस्तक तिला सांगते. तिच्या पूर्वजांना ज्या जंगलात हिवतापाने गाठले, तेथे याच बदलाने तिच्या वंशाला जगवले, हे सांगणारी पाने त्यातून फाडलेली आहेत. गावात कार्डाची बातमी पसरते, सोयरीक मोडते, आणि शिक्षकाकडे उत्तर नसते.